लळा आणि बुद्धी: बुखारेस्टच्या मुलांबद्दल थोडं, आपल्या पाळणाघरांबद्दल बरंच

निशिगंधा (धागाकर्ती)

मंडळी, धागा लांबलाय, आधीच सांगते, चहा घेऊन बसा.

निमित्त असं की आमच्या फॅमिली ग्रुपवर भावजयीने (बाळ आठ महिन्यांचं) एक जाहिरात टाकली. कुठलासा ऑनलाइन कोर्स, "बाळाशी बाँडिंग वाढवा, आयक्यू वाढवा", सोबत फ्लॅशकार्डांचा डबा आणि काळ्या-पांढऱ्या चित्रांचं पुस्तक. फी ऐकून आई म्हणाली एवढ्यात तर बारसं झालं होतं. पण भावजय खरोखर घाबरलीये, कारण जाहिरातीत ठासून लिहिलंय की पहिल्या हजार दिवसांत जे काय व्हायचं ते होतं, नंतर हात चोळत बसा. तिची जोडून घेतलेली बिनपगारी रजापण संपत आलीये त्यामुळे आधीच जीव टांगणीला, त्यात हे.

मी शाळेत समुपदेशक आहे, त्यामुळे घरातले असले प्रश्न फिरून फिरून माझ्याच गळ्यात पडतात. तर म्हटलं एकदाच नीट लिहू.

लळा आणि बुद्धी यांचा संबंध आहे का? आहे. पण तो जाहिरातवाले सांगतात तसा नाही. यातली मुख्य अडचण समजून घ्या. ज्या घरात आईबाप बाळाशी मायेने वागतात त्या घरात बऱ्याचदा पुस्तकंही असतात, पैसाही असतो, शिवाय बाळात आईबापांचीच जनुकं (जीन्स) असतात. मग मूल हुशार निघालं तर श्रेय नक्की कुणाला द्यायचं? ही गाठ बऱ्यापैकी सोडवणारा एक अभ्यास आहे आणि तो दुर्दैवाने फार वाईट परिस्थितीतून आलाय.

रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली, गर्भनिरोधकं मिळेनाशी केली, कारण काय तर देशाची लोकसंख्या वाढवायची. पोरं झाली पण पोसायची ऐपत नाही, मग सरकारच म्हणायचं आमच्या संस्थेत ठेवा, आम्ही जास्त चांगलं सांभाळू. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा लाखाच्या वर मुलं असल्या संस्थांमध्ये होती. खायला मिळत होतं, कपडे होते, छप्पर होतं. पण दहा-पंधरा बाळांमागे एक बाई आणि तीही शिफ्टप्रमाणे बदलणारी. चार्ल्स नेल्सन नावाचे संशोधक तिथे गेले तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त खटकली ती बाळांच्या खोलीतली शांतता. रडून कुणी येत नाही हे कळलं की बाळं रडायची बंद होतात.

२००० साली नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी रुमानियाची राजधानी बुखारेस्टमधल्या सहा संस्थांतली १३६ बाळं घेतली, वय ६ ते ३१ महिने. चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले, ६८ मुलं पालक कुटुंबांत (म्हणजे दत्तक नाही, पगार घेऊन मूल आपल्या घरी सांभाळणारी कुटुंबं, फॉस्टर केअर) आणि ६८ होती तिथेच. तुलनेला शहरातली आपापल्या घरी वाढणारी ७२ मुलं. चिठ्ठीने ठरलं म्हणजे जीन्सचा आणि पैशाचा प्रश्न मिटला, दोन्ही गट सुरुवातीला सारखेच.

साडेचार वर्षांची झाल्यावर आयक्यूची सरासरी काय आली बघा. संस्थेत राहिलेली सुमारे ७३, पालक कुटुंबात गेलेली ८१, स्वतःच्या घरातली १०९. आणि जी मुलं दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली त्यांचा फायदा उशिरा गेलेल्यांपेक्षा जास्त. भाषेच्या बाबतीत तर सव्वा वर्षाच्या आत गेलेली मुलं जवळजवळ घरच्या मुलांच्या बरोबरीने बोलायला लागली. जास्त जेवण नव्हे, जास्त खेळणी नव्हेत, मुख्य बदल म्हणजे एक ठरावीक माणूस मिळालं.

आता इथेच लोक घसरतात. हा अभ्यास मायेच्या उपासमारीचा आहे. जेवण न मिळालेलं मूल खुरटतं म्हणून दुप्पट जेवलेलं दुप्पट उंच होत नाही ना? तसंच आहे. ज्या बाळाला घरात दोन-चार माणसं उचलून घेतात, ज्याच्या रडण्याला उत्तर मिळतं, त्याला वरून फ्लॅशकार्ड दाखवून काही १०९ चे १४० होणार नाहीत. भावजयीला हे दोनदा सांगितलं पण नणंदेचं कोण ऐकतं.

तर बोला. विशेषतः ज्यांनी मुलं पाळणाघरात ठेवली त्यांचे अनुभव हवेत.

---

पाटावरवंटा

लेख चांगला आहे पण मला हे सगळं पाश्चात्यांचं खूळ वाटतं हो. आम्ही पाच भावंडं, आई चार वाजता उठायची, आमच्याशी बाँडिंग करायला तिला वेळ कुठे होता? बाबांशी तर मी पहिल्यांदा नीट बोललो तो नोकरी लागल्यावर. काय बिघडलं? एक भाऊ इंजिनिअर, बहीण मुख्याध्यापिका.

---

डॉ_बाळगुटी

@पाटावरवंटा, तुमच्या घरात आजी होती का? आत्या? शेजारच्या काकू? पाचातलं थोरलं भावंड धाकट्याला कडेवर घेऊन फिरायचं का? मग बाँडिंग झालंच की, नाव दिलं नव्हतं एवढंच.

बालरोगतज्ज्ञ आहे, थोडी भर घालतो.

नुसतं प्रेम असून मेंदूला काही होत नाही, प्रेमाने जो देवघेवीचा खेळ चालतो त्याने होतं. ओपीडीत रोज बघतो. दहा महिन्यांचं बाळ पंख्याकडे बोट करतं आणि वळून आईच्या तोंडाकडे बघतं. आई म्हणते, "हो रे, पंखा! गरगर गरगर." एवढंच. चार सेकंदांचं काम. पण बाळाने प्रश्न विचारला, उत्तर मिळालं, शब्द मिळाला आणि आपण विचारलं की कुणीतरी सांगतं हेही कळलं. दिवसात असं शेकडो वेळा होतं. दुसरं बाळ बोट करतं, वळून बघतं, आई मोबाईलमध्ये. पुन्हा बोट करतं. मग हात खाली. हे एकदा झालं तर काही नाही, रोज दिवसभर होत असेल तर मात्र बाळ विचारणंच सोडतं.

एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला होता, व्हिडिओ बघा, बघवत नाही खरं तर. आई बाळाशी छान खेळत असते, मग दोनेक मिनिटं चेहरा एकदम कोरा करून बसते. बाळ आधी हसून बघतं, मग हात पसरतं, आवाज काढतं, किंचाळतं आणि शेवटी मान फिरवतं. पण त्याच ट्रॉनिक यांचं दुसरं म्हणणं लोक सांगत नाहीत. चांगल्या, नॉर्मल आया-बाळांचे सूर सुद्धा सुमारे ३० टक्के वेळच जुळलेले असतात. बाकी वेळ चुकामूक आणि मग पुन्हा जुळवाजुळव. ती जुळवाजुळवच बाळाला शिकवते. म्हणजे आयांनो, जरा श्वास घ्या.

आणि निशिगंधा ताईंच्या मुद्द्याला पुष्टी म्हणून. १९९५ मध्ये डच संशोधक व्हॅन आयझेंडॉर्न आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून बघितले. सुरक्षित लळा (म्हणजे बाळाला सांभाळणाऱ्याचा पक्का भरवसा वाटणं) आणि आयक्यू यांचा संबंध निघाला ०.०९. शून्य म्हणजे संबंध नाही, एक म्हणजे पक्का संबंध, तर ०.०९ म्हणजे जवळजवळ नाहीच. भाषेशी मात्र ०.२८, म्हणजे दखल घ्यावी इतका. मला हे अगदी पटतं. बाळाचं डोकं आईबाप बनवत नाहीत, पण ते डोकं वापरायचा धीर आणि बोलायला माणूस हे दोन्ही लळ्यातून मिळतं.

---

अवखळ

+१ डॉक्टर. मोबाईलचं वाचून पोटात गोळा आला पण ३० टक्क्यांनी वाचवलं.

---

रोखठोक

सगळं वाचलं. गोल गोल फिरवून शेवटी मुद्दा तोच की आईने घरी थांबावं. हे सरळ लिहायला लोक का घाबरतात कळत नाही. करिअर नंतर करता येतं, बाळाची पहिली तीन वर्षं परत येत नाहीत.

---

निशिगंधा

@रोखठोक, तुम्ही वाचलंत पण बुखारेस्टचा परिच्छेद बहुतेक सुटला. तिथे ज्यांच्यामुळे मुलांचा आयक्यू वाढला त्या बायका त्यांच्या सख्ख्या आया नव्हत्याच! पगारी पालक कुटुंबं होती, ५६ कुटुंबं मिळून ६८ मुलं. म्हणजे मिळालेलं माणूस नात्याचं असलंच पाहिजे असं काही नाही, टिकणारं हवं आणि त्याला बाळात रस हवा.

ज्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बींच्या नावाने हे "आईने घरी बसावं" खपवलं जातं ना, त्यांनी १९५१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालातच आई किंवा आईच्या जागी कायमची असलेली व्यक्ती असं लिहिलंय. पहिलाच भाग तेवढा सगळ्यांच्या लक्षात राहिला. युद्धानंतर इंग्लंडात बायकांना कारखान्यातून घरी पाठवायचं होतं, तेव्हा तो सोयीचाही होता, हे माझं मत.

आणि पाळणाघराने लळा तुटतो का, हे अमेरिकेत मुद्दाम तपासलं गेलंय. १९९१ पासून दहा ठिकाणच्या तेराशेवर बाळांचा जन्मापासून पाठपुरावा केला. पाळणाघरात जाणं-न जाणं याने आईशी असलेल्या लळ्यावर मुळात फरक पडला नाही. पडला तो कुठे, तर घरीही बाळाकडे लक्ष कमी आणि पाळणाघरही सुमार, असा दुहेरी मार बसला तिथे. उलट चांगल्या पाळणाघरातल्या मुलांची भाषा नि समज थोडी पुढेच होती. त्यामुळे प्रश्न आई घरी की बाहेर हा नाहीच, पाळणाघर कसं हा आहे. आणि हो, तीन वर्षं परत येत नाहीत हे बाबांनाही लागू होतं बरं.

---

रोखठोक

बाबांचं मान्य. बाकी मतभेद राहू द्या.

---

तळ्याकाठी

मला एक शंका. संशोधकांना माहीत होतं की संस्थेत मुलांचं नुकसान होतंय, तरी चिठ्ठी टाकून अर्धी मुलं तिथेच ठेवली? मला हे वाचून कसंतरीच झालं. अभ्यास कितीही थोर असो.

---

निशिगंधा

रास्त शंका, आणि यावर तेव्हाही भरपूर वाद झालाय. त्यांची बाजू अशी: तेव्हा बुखारेस्टमध्ये पालक कुटुंब हा प्रकार जवळजवळ नव्हताच, ती ५६ कुटुंबं प्रकल्पानेच शोधून, प्रशिक्षण देऊन उभी केली. म्हणजे चिठ्ठी टाकली नसती तर १३६ च्या १३६ मुलं तिथेच राहिली असती. शिवाय कुणालाही अभ्यासासाठी संस्थेत अडकवून ठेवलं नाही. पुढे सरकारने स्वतःची पालक कुटुंबं सुरू केली तेव्हा दुसऱ्या गटातलीही बरीच मुलं बाहेर पडली आणि त्यांना जाऊ दिलं. आणि निष्कर्ष हातात आल्यावर ते तिथल्या सरकारपुढे मांडले. रुमानियाने पुढे दोन वर्षांखालच्या बाळांना संस्थेत ठेवायला कायद्यानेच बंदी घातली, फार अपंगत्व असेल तर अपवाद. तरी मनाला खुपतं हे खरंच.

---

केतकी_आई

नेहमी नुसती वाचते, आज लिहायलाच बसले.

आमचा मुलगा दत्तक आहे. घरी आला तेव्हा दीड वर्षाचा होता. जिथून आला तिथल्या ताया चांगल्या होत्या, मला त्यांच्याबद्दल एक शब्द वाईट बोलायचा नाहीये, पण मुलं जास्त आणि हात कमी.

पहिले काही महिने तो पडला तरी रडायचा नाही. धडपडायचा, गुडघा खरचटायचा, स्वतःच उठायचा आणि भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहायचा. मी धावत गेले तर माझ्याकडे बघायचा जणू ही का आली. रात्री जाग आली तर आवाजच नाही, मी सहज बघायला जायची तर हा अंधारात टक्क डोळे उघडे ठेवून पडलेला. आणि दुसरीकडे सोसायटीत कुणाच्याही मांडीवर जाऊन बसायचा, वॉचमन, कुरिअरवाला, कुणीही. लोक म्हणायचे किती गोड, किती सोशल आहे हो. मला आतून भीती वाटायची, कारण त्याला माझ्यात आणि कुरिअरवाल्यात काही फरकच वाटत नव्हता.

बोलणं तर नव्हतंच. दोन-तीन शब्द. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं स्पीच थेरपी सुरू करू पण आधी त्याला तुमचं होऊ द्या, बाकीच्यांनी त्याला काही दिवस उचलून घेऊ नका, भरवणं-आंघोळ-झोपवणं तुम्ही दोघांनीच करा. सासरी केवढं महाभारत झालं विचारू नका, नातवाला हात लावायचा नाही म्हणजे काय! सासऱ्यांना सगळ्यात आधी पटलं. ते रोज त्याच्या समोर जमिनीवर बसून पेपर वाचायचे, जवळ ओढायचे नाहीत.

मग एक दिवस दाराच्या चौकटीला डोकं आपटलं आणि तो भोकाड पसरून सरळ माझ्याकडे पळत आला. नवरा घाबरून बघतोय की केवढं लागलं आणि मी हसतेय वेड्यासारखी. त्यानंतर शब्द यायला लागले. लगेच नाही, पण यायला लागले. आधी फक्त वस्तूंची नावं, मग "हे काय" सुरू झालं, ते अजून थांबलेलं नाही.

आता दुसरीत आहे. गणित छान, एका जागी बसणं कठीण, शाळेतून चिठ्ठ्या येतात. म्हणून निशिगंधा, तुझा तो दोन वर्षांच्या आतला मुद्दा वाचून बरंही वाटलं आणि धाकधूकही झाली. जे राहून गेलंय ते राहूनच गेलं का?

---

निशिगंधा

केतकी, चौकटीचं वाचून मीच रडले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या एका अभ्यासात आहे. रुमानियातून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेली १६५ मुलं मायकेल रटर यांच्या टीमने मोठी होईपर्यंत बघितली. सहा महिन्यांच्या आत आलेली मुलं इतर ब्रिटिश दत्तक मुलांसारखीच निघाली. त्यानंतर आलेल्यांना लहानपणी बुद्धीच्या चाचण्यांत मार पडायचा, पण २०१७ मध्ये जो मोठेपणीचा अहवाल आला त्यात आयक्यूची ती तूट बऱ्याच अंशी भरून निघालेली होती! म्हणजे बुद्धी उशिरा का होईना सावरते. जे चिकटून राहिलं ते लक्ष न लागणं, चुळबुळ, परक्यांशी पटकन सलगी. बुखारेस्टमध्येही तसंच, आयक्यू सुधारला पण लक्ष एकाग्र न होण्याच्या तक्रारी पालक कुटुंबात जाऊनही फारशा कमी झाल्या नाहीत. तेव्हा शाळेतून चिठ्ठी आली की ते तुझ्या संगोपनाचं प्रगतीपुस्तक समजू नकोस आणि शाळेला त्याचा इतिहास सांगितला नसेल तर वर्गशिक्षिकेपुरता तरी सांग. मी शाळेतली माणूस म्हणून सांगते, माहीत असलं की बाई वेगळं वागतात. आणि हे अभ्यास रुमानियातल्या टोकाच्या हालांचे आहेत, तुझा मुलगा चांगल्या तायांकडून आलाय.

---

डॉ_बाळगुटी

केतकीताई, तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. जमिनीवर बसून पेपर वाचणं ही थेरपी आहे, तिची फी कुणी देत नाही एवढंच.

---

म्हापशेकार

गोव्यातून लिहितेय, नर्स होते, आता निवृत्त. सगळे बाळाबद्दल बोलताहेत, आईबद्दल कोणी बोलतच नाही म्हणून लिहिते.

डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे गोव्यातच बाळंतिणींचा अभ्यास केला होता, २००२ मध्ये छापून आला. बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. जवळजवळ चारात एक! कारणं काय तर गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं. पुढच्या वर्षी त्याच मालिकेतला दुसरा पेपर आला, त्यात ज्या आयांना नैराश्य होतं त्यांची बाळं सहा महिन्यांची होईपर्यंत वजनात, उंचीत मागे आणि बौद्धिक विकासाच्या चाचणीतही मागे दिसली.

आता त्या बाईला जाऊन सांगा, बाळाकडे बघून हस, बोट दाखवलं की उत्तर दे. ती कुठून देणार? मी वॉर्डात बघितलंय ना, बाळाला पाजतेय आणि नजर खिडकीबाहेर. घरचे म्हणायचे आळशी आहे, नखरे आहेत, आमच्यावेळी असलं नव्हतं. आमच्यावेळीही होतं बाई, कोणी नाव घेत नव्हतं.

बाळाचा आयक्यू हवा असेल तर पहिल्यांदा बाळंतिणीला झोपू द्या आणि पाचवी मुलगी झाली तरी पेढे वाटा.

---

अवखळ

शेवटच्या वाक्याला उभं राहून टाळ्या. माझ्या जावेला पहिल्या वेळी हेच झालं होतं आणि घरात सगळे म्हणत होते दृष्ट लागलीय. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या, डॉक्टरकडे कुणी नेलं नाही.

---

यवतमाळची_ताई

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. तुम्हा लोकांचं वाचून बरं वाटलं पण आमच्याकडची गोष्ट वेगळी हाय जरा.

आमच्याकडं सोयाबीन-कापसाच्या दिवसात आई पहाटे जाते ते संध्याकाळी येते. बाळ कोणाकडं? आठ-नऊ वर्षांच्या बहिणीकडं नाहीतर आजीकडं, आजीला दिसत नाही नीट. तिथं पाळणाघर, फ्लॅशकार्ड हे काही नसतं. आम्हाला काही वर्षांपूर्वी "आरंभ"चं प्रशिक्षण झालं, आमच्या यवतमाळ जिल्ह्यात आणि औरंगाबादेत आधी सुरू झालं होतं, युनिसेफ आणि सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज त्यात होतं. त्यात हेच शिकवलं, की गृहभेटीत नुसतं वजन आणि लसीकरण विचारून उठायचं नाही, बाळाशी कसं खेळायचं ते आईला करून दाखवायचं. प्लास्टिकच्या बाटलीत तुरीचे दाणे टाकून खुळखुळा, झाकण घट्ट बसवून. जुन्या साडीची बाहुली. पातेल्यावर चमचा वाजवायचा. भाकरी थापताना बाळाला समोर बसवून बोलायचं, हे गरम, हे गोल, हे तुझं.

सुरुवातीला बायका हसायच्या, म्हणे तान्ह्या पोराशी काय बोलायचं, त्याला काय समजते. माझ्या एका सेविकेनं पालक मेळाव्यात बापांना बसवलं खाली आणि प्रत्येकाला आपल्या पोराशी पाच मिनिटं खेळायला सांगितलं. एक बाप होता, त्यानं पोरगी कधी घेतलीच नव्हती. ती त्याच्या मिशा ओढायला लागली, सगळे हसले, तो बी हसला. आता तो बाजारातून आला की तिला घेऊन चक्कर मारतो. तिचा आयक्यू किती वाढला ते मोजलं नाही आम्ही, पण ती "बा" म्हणते आता त्याला बघून.

अडचण काय सांगू. २०२४ मध्ये केंद्राचं "नवचेतना" आलं, तीन वर्षांखालच्या बाळांसाठी, पुस्तक चांगलं आहे. पण सेविकेला फोटो काढा, पोषण ट्रॅकर ॲपमध्ये भरा, टीएचआर (घरी न्यायचा शिधा) वाटा, सर्व्हे करा, निवडणुकीची कामं बी करा. गृहभेटीत ती मोबाईलमध्येच असते बिचारी, नेट नसतं म्हणून अंगणात हात वर करून उभी. डॉक्टर साहेबांनी आईच्या मोबाईलचं लिहिलं, आमच्या सेविकेचं बी तेच झालंय, फरक एवढाच की तिला वरून आदेश आहे.

---

निशिगंधा

ताई, या धाग्यावरची सगळ्यात मोलाची पोस्ट. तुम्ही जे करताय तसंच जमैकात झालं होतं, आणि ती गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १२९ खुरटलेली बाळं घेतली, वय ९ ते २४ महिने. काहींना फक्त पूरक आहार, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका जायची आणि आईला खेळायला शिकवायची, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. खेळणीसुद्धा तुमच्यासारखीच, टाकाऊतून केलेली. दोन वर्षं चाललं फक्त. वीस वर्षांनी ती मुलं शोधून काढली तर ज्यांच्या घरी खेळायला शिकवलं होतं त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त. २०१४ मध्ये हे छापून आलं. आहाराचा असा दूरचा परिणाम दिसला नाही, आईला बाळाशी खेळायला शिकवण्याचा दिसला. आणि हे करणाऱ्या बायका पीएचडी नव्हत्या, तिथल्याच आरोग्यसेविका होत्या. फक्त त्यांच्या हातात ॲप नव्हतं.

तुमच्या बाटलीतल्या तुरीच्या दाण्यांना कुणी "ब्रेन डेव्हलपमेंट किट" म्हटलं तर चार आकडी किंमत येईल.

---

पाटावरवंटा

डॉक्टर, हो, आजी होती. मागच्या पोस्टला उत्तर द्यायचं राहिलं. आजीच होती खरं तर, आई आम्हाला रात्रीच दिसायची. मुद्दा कळला.

---

म्युनिकचा_बाळ्या

थोडं इकडचं सांगतो, पाळणाघराचा विषय निघालाय म्हणून. आमची लेक वर्षाची झाल्यावर इथल्या किटामध्ये (डे केअर) घातली. मला वाटलं सोमवारी सोडायचं आणि ऑफिसला पळायचं, मी तशी मीटिंगपण लावली होती. तर बाईंनी हसून सांगितलं की आधी सवय लावायचा कार्यक्रम असतो, "आईनगेव्योनुंग". पहिले तीन दिवस बाप नाहीतर आई बाळासोबत तिथेच बसणार, तासभर, आणि परत घरी. सोडून जायचं नाही. चौथ्या दिवशी पहिल्यांदा "बाय" म्हणून काही मिनिटं खोलीबाहेर. बाळ रडलं आणि त्या बाईंकडून शांत झालं तर पुढे वेळ वाढवायची, नाही झालं तर आणखी काही दिवस सोबत. एक ठरलेली बाईच तिला सांभाळणार, ती आजारी पडली तर हा कार्यक्रम चक्क पुढे ढकलतात. बर्लिनमधल्या संशोधकांनी बोल्बी वगैरेंच्या कामावरून हे बसवलंय आणि जवळजवळ सगळीकडे असंच काहीतरी चालतं.

मला आधी वाटलं काय हा जर्मन उपद्व्याप, रजा जाते सगळी. पण तिसऱ्या आठवड्यात लेक मला दारातच टाटा करून पळाली, मलाच वाईट वाटलं.

भारतात असं कुणी करतं का?

---

मावशीचं_घर

मी डोंबिवलीत पाळणाघर चालवते, बरीच वर्षं झाली. बाळ्या, करतो की, जर्मन नाव नाही एवढंच. पण पालक करू देत नाहीत! रजा संपते रविवारी, बाळ येतं सोमवारी, सकाळी आठची लोकल पकडायची असते. मी सांगते आठवडाभर आधी तासभर येऊन बसा, दहातले दोन येतात. बाकीचे बाळाचं लक्ष नसताना गुपचूप सटकतात. हे करू नका हो. बाळ वळून बघतं आणि आई गायब, मग दिवसभर दाराकडे डोळे. मग ते खेळत नाही, खात नाही, चित्र दाखवलं तर बघत नाही. सांगून, बाय करून जा, रडलं तर रडू दे, आम्ही आहोत घ्यायला. सांगून गेलेल्या आईचं बाळ अर्ध्या तासात खेळायला लागतं.

आणि पाळणाघर बघायला येणारे विचारतात काय, तर सीसीटीव्ही आहे का, एसी आहे का, इंग्लिश बोलता का. सांभाळणाऱ्या बाया किती वर्षांपासून आहेत हे विचारा. एका बाईकडे किती तान्ही आहेत हे विचारा. माझ्याकडे दोन बाया आहेत त्या सुरुवातीपासूनच्या आहेत, त्यांना पगार चांगला द्यावा लागतो म्हणून माझी फी शेजारच्यापेक्षा जास्त आहे, आणि मग लोक फीवरून घासाघीस करतात. तिथे रंगीत भिंती आहेत पण बाई दर दोन महिन्यांनी नवीन. बाळाला रोज नव्याने ओळख करायची म्हटली की ते शिकणार कधी?

शक्य असेल तर दुपारच्या वेळी, न सांगता जाऊन बघा. बाई बाळाला भरवताना त्याच्याशी बोलते का, की टीव्हीकडे बघत घास कोंबते, एवढ्यावरून सगळं कळतं.

---

अवखळ

मावशी, माझी ११ महिन्यांची आहे, पुढच्या महिन्यात सुरू करायचंय. रोज वेगळी बाई असेल तर नको म्हणू का सरळ? जवळ तेवढं एकच आहे.

---

मावशीचं_घर

सरळ नको म्हणू नकोस, आधी मालकिणीला विचार की माझ्या मुलीला भरवायला आणि झोपवायला एकच बाई देता येईल का. बऱ्याच ठिकाणी तान्ह्यांची बाई ठरवतात, आपण मागितलं तर. आणि तू रोज त्या बाईशी दोन मिनिटं बोल, रात्री झोपली का, काय खाल्लं, कुठल्या आवाजाला हसते. तुम्ही दोघी हसून बोलताना बाळाने बघितलं की त्याला ती बाई परकी वाटत नाही. पहिले काही दिवस तुझी रोजच्या वापरातली ओढणी दे सोबत.

---

म्युनिकचा_बाळ्या

ओढणीचं इथेही सांगतात! आम्ही माझा जुना टीशर्ट दिला होता.

---

मावशीचं_घर

चालतो की. फक्त धुऊन, इस्त्री करून आणू नका, अर्धे लोक तसंच करतात. वास गेला की ते नुसतं फडकं.